टुटीफ्रुटी बिस्किटांवर चकाकी: पिठीसाखरेची की जॅमची?

पिठीसाखरेच्या ग्लेझला गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. अर्धी वाटी पिठीसाखर (घरी दळलेली असेल तर वस्त्रगाळ करा, गुठळी राहिली की दिसतेच), त्यात थेंबाथेंबाने लिंबाचा रस. चमच्यावरून जाडसर धार पडली की झालं. मात्र बिस्किटं पूर्ण गार हवीत, नाहीतर सगळं ट्रेमध्ये ओघळतं. वाळून पांढरा, कडक थर बसतो. टुटीफ्रुटी म्हणजे शेवटी पाकवलेली कच्ची पपई. तिच्या अतिगोडाला हा आंबटपणा छान तोलतो.

जॅमचं ग्लेझ दिसायला जास्त देखणं. दोन चमचे जॅम, चमचाभर पाणी, गरम करून गाळायचं आणि ब्रशने लावायचं. पण ते चिकटच राहतं, डब्यात बिस्किटं एकमेकांना धरून बसतात आणि पावसाळ्यात तर लगेच मऊ पडतात. पाहुणे त्याच संध्याकाळी येणार असतील तरच जॅम.