विंटर टायर्स : दीड हिवाळ्याचा अनुभव, एक पिवळा दिवा आणि इन्शुरन्सचे १९ डॉलर

गाडी करोला, २०२१ ची. टायर मिशलिन एक्स-आइस स्नो, २०५/५५ आर १६, चार नग, काळ्या स्टीलच्या रिमवर चढवून घेतलेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतले, हे लिहितेय मार्च २०२५ मध्ये. राहणं कॅनडात, ऑन्टारिओतल्या मिल्टनला, नोकरी मिसिसॉगातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शिफ्ट सकाळी साडेसहाची, म्हणजे मीठ टाकणारा ट्रक आणि मी साधारण एकाच वेळी डेरी रोडला लागतो आणि बहुतेक वेळा मीच पुढे असते.

आधी खर्च सांगते कारण माझ्या डोक्यात पहिल्यापासून तेच आहे. टायर ७००, रिम ३४०, चढवणं-बॅलन्सिंग १००, त्यावर १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, सगळे मिळून १,२८८ डॉलर. शिवाय दर वर्षी दोनदा अदलाबदल, प्रत्येक वेळी ६० अधिक टॅक्स. आता ऑन्टारिओत विंटर टायर सक्तीचे नाहीत. क्वेबेकमध्ये आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड, माझी मॉन्ट्रियलची मैत्रीण दर वर्षी हे ऐकवते जसं काही कायदा तिनेच केलाय. आपल्याकडे सक्तीऐवजी गाजर आहे. २०१६ च्या जानेवारीपासून ऑन्टारिओतल्या प्रत्येक गाडी इन्शुरन्स कंपनीला विंटर टायरचं डिस्काउंट द्यावंच लागतं. किती ते कंपनी ठरवते, साधारण ५ टक्क्यांपर्यंत असतं म्हणतात. मला वर्षाला मिळतात ५७ डॉलर. १,२८८ भागिले ५७, साडेबावीस वर्षं. तोवर गाडी नसेल, टायर नसतील, मी रिटायर झालेली असेन.

हे डिस्काउंट मिळतं कसं तर फोनवर. सप्टेंबरमध्ये रिन्यूअलच्या वेळी बाईने विचारलं विंटर टायर लावता का, मी म्हटलं हो, लावणार आहे, झालं. ना पावती ना फोटो. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून आलं की चारही चाकांना, १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. ते मी तेव्हा वाचलं नाही. कोण वाचतं.

पहिला हिवाळा, म्हणजे २०२३-२४, आठवत असेल तर हिवाळा नव्हताच. बर्फ नावाला. मी रोज सकाळी खिडकीतून बघायची आणि ओला रस्ता दिसला की चिडायची, तेराशे डॉलरची चाकं लावून मी पावसात फिरतेय. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं पैसे पाण्यात घालू नका. टायर वाईट होते असं नाही, गाडी छान चालत होती, आवाजही मला वाटलं होतं तेवढा नव्हता, पण छान तर ती आधीच्या टायरवरही चालत होती ना.

आणि त्यात तो दिवा.

ज्यांना माहीत आहे ते हसतील. ओरिजिनल चाकांत हवेचा दाब बघणारे सेन्सर असतात, टीपीएमएस. विंटरच्या रिम वेगळ्या घेतल्या की त्यात सेन्सर वेगळे टाकावे लागतात, चारचे २६० डॉलर अधिक प्रोग्रॅमिंग. मी म्हटलं काही गरज नाही, हवा काय मी स्वतः बघेन. मग काय, गाडी चालू केली की डॅशबोर्डवर पिवळा घोड्याचा नाल, त्यात उद्गारचिन्ह, आधी मिनिटभर डोळे मिचकावल्यासारखा लुकलुकतो आणि मग थेट एप्रिलपर्यंत पेटलेला. कितीही ठरवलं तरी नजर तिकडेच जाते. आठवड्याभरात मी पर्समधली एक मरून टिकली काढून काचेवर त्याच्या बरोबर वर चिकटवली. नवरा म्हणाला गाडीचं लग्न झालं का. लुकलुकताना टिकलीच्या कडेने उजेड यायचाच. मी दुसरी, मोठी लावली. एवढा विचार मी टायर निवडताना केला नव्हता.

२६० वाचवले त्यात तोटा एकच की खरंच हवा कमी झाली तर गाडी सांगणार नाही, आणि थंडीत ती कमी होतेच, साधारण साडेपाच डिग्री तापमान उतरलं की एक पीएसआय. १२ डॉलरचा गेज घेतला, दर रविवारी बघते. म्हणजे दोनतीन रविवार बघितलं. असो.

एप्रिल २०२४ मध्ये चाकं उतरवली, टिकली काढली, चाकं बेसमेंटमध्ये. सासूबाई उन्हाळ्यात आलेल्या, त्यांना हा प्रकारच पटेना. "एवढी महाग चाकं आणि झोपवून ठेवता?" गौरी-गणपतीत त्या चवडीवर चादर टाकून वर फराळाचे डबे मांडून मोकळ्या. विचारलं तर म्हणाल्या चौरंग कमी पडला. मला वाटतं त्या १,२८८ चा सगळ्यात समाधानकारक वापर तोच होता तोपर्यंत.

सप्टेंबरमध्ये परत रिन्यूअल, परत तोच प्रश्न, परत हो. खोटं काहीच नव्हतं त्यात, टायर घरात होते आणि लावणारही होते. पण मागचा हिवाळा डोक्यात, त्यामुळे नोव्हेंबर गेला आज करू उद्या करू करत. फोन केला तेव्हा शॉपमध्ये गर्दी, मिळाली ती १४ डिसेंबरची अपॉइंटमेंट. म्हटलं ठीक आहे, कुठे पडतोय बर्फ.

५ डिसेंबर, गुरुवार, पहाटे पावणेसहा. बर्फ म्हणावा तर पिठासारखा, बोटभरसुद्धा नाही, खाली मात्र काच. आमच्या गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळताना स्टॉप साइन आहे, वेग फार तर २० असेल. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस टकटकटकटक करायला लागलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि गाडी आपली सरळ. घाईत नाही हां, अगदी सावकाश, मला ओरडायला पण वेळ होता. पुढचं उजवं चाक कर्बवर धडकलं. माणूस नाही, दुसरी गाडी नाही, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फक्त माझी अ‍ॅलॉय रिम वाकलेली आणि चाक थोडं तिरकं बघतंय, रुसल्यासारखं.

इथे जरा टायरचं सांगते, कारण "ऑल सीझन म्हणजे सगळे ऋतू" हे मीही समजत होते. साध्या टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, बर्फ असो नसो. म्हणजे प्रश्न बर्फाचा नाहीच, थंडीचा आहे. आणि एम अधिक एस लिहिलेलं असलं म्हणजे झालं असंही नाही, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह साइडवॉलवर हवं, ते चाचणी झाल्यावर मिळतं. माझ्या ऑल सीझनवर नुसतंच एम अधिक एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) होतं, आणि चार वर्षांत खाचाही बऱ्यापैकी गेलेल्या, टूनीचं, म्हणजे दोन डॉलरचं, नाणं खाचेत घालून बघा म्हणतात ते मी अ‍ॅक्सिडेंटनंतर घालून बघितलं.

गॅरेजचा अंदाज ३,४२०. रिम, कंट्रोल आर्म, बंपरचा कोपरा, अलाइनमेंट. डिडक्टिबल, म्हणजे माझ्या खिशातून जाणारे, १,०००. क्लेम करायचाच होता. कंपनीच्या अ‍ॅपने फोटो मागितले, चारही बाजू, डॅमेज, ओडोमीटर, सगळे तिथेच अंधारात उभं राहून पाठवले. दुसऱ्या दिवशी क्लेम तपासणाऱ्या अ‍ॅडजस्टरचा फोन येणार असा मेसेज आला आणि तेव्हा मला तो बारीक अक्षरातला १५ नोव्हेंबर आठवला.

रात्रभर हेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर एकाने पाच मिनिटांत उत्तर दिलं, "सांग लावले होते, उद्या सकाळी लावून घे, कोण बघायला येतंय." नवरा म्हणाला विचारलं नाही तर आपणहून बोलू नकोस. पुण्याहून भावाचा मेसेज, त्याने नवी कंपनी घेताना आधीचा क्लेम लपवून २० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) घेतला होता आणि पुढे क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडून खरं कळल्यावर कसा अडकला याची जुनी रडकथा त्याने परत सांगितली. मी बसले कायदा वाचत. ऑन्टारिओच्या इन्शुरन्स अ‍ॅक्टचं कलम २३३. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर क्लेम बाद, आणि क्लेमच्या संदर्भात मुद्दाम खोटं विधान केलं तरी क्लेम बाद. म्हणजे सप्टेंबरचं माझं "हो" खरं होतं, उद्याचं "हो" मात्र खोटं ठरणार. ५७ डॉलरपायी २,४२० वर पाणी. मी काही हरिश्चंद्र नाही, मला हिशोब कळतो एवढंच.

फोन आला आणि त्या बाईने विचारलंच. चौथा की पाचवा प्रश्न, अगदी सहज, तेव्हा विंटर टायर होते का. मी म्हटलं नाही, ऑल सीझन होते, अपॉइंटमेंट १४ ला आहे. पलीकडून टकटक टायपिंगचा आवाज. मग "ओके. त्या वेळी गाडीत अजून कोणी होतं?" एवढंच! रात्रभर जागले मी. मला निदान सांगितल्याबद्दल थँक यू तरी अपेक्षित होतं.

संध्याकाळी पाठवलेले फोटो परत चाळले. वाकलेली चाकाची रिम, अ‍ॅलॉयची, चकचकीत. माझ्या विंटरच्या रिम काळ्या स्टीलच्या. आणि ओडोमीटरच्या फोटोत डॅशबोर्ड अख्खा आलेला, पिवळा दिवा बंद. टिकलीचा थोडा डिंक तेवढा दिसत होता. विंटर चाकं असती तर तो दिवा पेटलेला असता. म्हणजे "हो" म्हटलं असतं तर माझ्याच फोटोंनी मला तोंडघशी पाडलं असतं. बोलताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, ग्रुपवरच्या त्या शहाण्याच्याही नाही.

पुढे काय झालं ते. क्लेम पूर्ण मिळाला. विंटर टायर नसल्यामुळे क्लेम नाकारला वगैरे काही नाही, तसं असतं तर ऑन्टारिओतले अर्धे क्लेम नाकारावे लागतील. चूक माझी धरली, ती होतीच, पण मी गेली काही वर्षं अ‍ॅक्सिडेंट फरगिव्हनेस, म्हणजे ओपीसीएफ ३९ नावाचं जादा कव्हर, कुरकुरत का होईना घेत आलेय, त्यामुळे या एकावर प्रीमियम वाढणार नाही असं सांगितलंय. मात्र आठवड्याभरात दुसरं पत्र. सप्टेंबरपासूनचं विंटर टायर डिस्काउंट रद्द, ५७ डॉलर भरा. परत हवं असेल तर पावती आणि चारही टायरचे फोटो, हिमकणाचं चिन्ह दिसलं पाहिजे.

इथे माझं डोकं फिरलं. ज्याने खरं सांगितलं त्याच्याकडूनच पुरावा? थाप मारणाऱ्याला आजही नुसतं "हो" पुरतं! ४८ मिनिटं होल्डवर राहून हे मी एका पोराला सुनावलं, तो बिचारा "आय अंडरस्टँड" म्हणत राहिला. मग उणे ११ मध्ये ड्राइव्हवेवर गुडघ्यावर बसून, एका हातात टॉर्च, जुन्या टूथब्रशने मिठाचा चिखल घासत, चार चाकांवरचे चार डोंगर शोधले. बाजूला डीओटीचा नंबर पण असतो, शेवटचे चार आकडे २२२३, म्हणजे टायर बनला तो २०२३ चा बाविसावा आठवडा, तोही जाता जाता काढला, उद्या तोही मागतील. फोटो त्यांच्या साइटवर चढेनात, फॉरमॅट चालत नाही, मग स्क्रीनशॉट काढून चढवले. १ जानेवारीपासून डिस्काउंट परत. आठ महिन्यांचे ३८ डॉलर. ५७ गेले, ३८ आले. १९ डॉलर. हे १९ मी विसरणार नाही.

आता टायरबद्दल, कारण मत बदललंय. या फेब्रुवारीत लागोपाठ दोन वादळं आली, आमच्या गल्लीत बर्फ ढकलणारा नांगर फिरायच्या आधी मी निघायचे. त्याच स्टॉप साइनला, त्याच वेगात ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. नुसती थांबली. टकटक नाही, काही नाही. मी तिथे उगाच दोन सेकंद उभी राहिले, मागे कुणी नव्हतं. मग वळले, ती वळली. एवढ्यासाठी १,२८८ का? हो. मागच्या वर्षी मी उलटं बोलले असते, बोलले पण आहे ऑफिसात दोघींना, त्यांना परत सांगितलं.

घेणार असाल तर वेगळ्या रिमवरच घ्या, दर वेळी टायर उतरवून चढवण्यात पैसे आणि रबर दोन्ही जातं. बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या. नोव्हेंबरची अपॉइंटमेंट सप्टेंबरमध्ये घ्या, रिन्यूअलचा फोन आला त्याच दिवशी. सेन्सर मी अजूनही घेतलेले नाहीत. दिवा पेटलेला असतो, लुकलुकतो, चिडचिड तेवढीच होते, पण यंदा टिकली लावली नाही. नवऱ्याला वाटतंय संपल्या.

काल शॉपवाल्याचा फोन आला, ५ एप्रिलला शनिवारी स्लॉट आहे, हवामान चांगलं दाखवतंय, उन्हाळी चाकं लावून टाका, नंतर गर्दी होईल. मी पॉलिसीचा कागद काढून बघितला आणि म्हटलं नको, १६ ला द्या. तो म्हणाला १६ बुधवार आहे, तुमची शिफ्ट असते ना. म्हटलं असू दे, १६ च द्या.