मूत्रवाहिनीतला साधा पॉलिप: लेसर करावं का लॅपरो?

ज्यांच्या हातात 'फायब्रोएपिथेलियल पॉलिप', म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, असं लिहिलेला रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयात जाणारी नळी, त्यापुढे सांगत बसत नाही, तेवढं एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. माझा डावीकडचा होता, वरच्या भागात, चारेक सेंटिमीटर लांब, एकाच देठावर. मी शेवटी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसर केलं, पण लॅपरोस्कोपीचं (पोटाला बारीक भोकं पाडून करायच्या ऑपरेशनचं) कोटेशन घेऊन ॲडमिटची तारीखसुद्धा ठरवून बसलो होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार बोलू शकतो.

आधी निदानाचं बोलतो. सोलापुरात कमरेतून कळ आली की ती खड्याचीच. ऊन 42-43, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, घामाने अंग निथळतंय, मग खडा नाही तर काय असणार. मीपण दीड वर्ष हुलग्याचं पाणी प्यायलो, पानफुटीची पानं चावली, सोनोग्राफीत किडनीला हलकी सूज दिसायची पण खडा नाही, तर म्हणायचे पडून गेला असेल. अरे पण दर चार महिन्यांनी पडून जाणारा खडा एकदा तरी दिसायला पाहिजे ना. लघवीतून रक्त गेलं तेव्हा कुठे सीटी काढला.

साधा सीटी आणि सीटी युरोग्राफी यातला फरक तेवढा लक्षात ठेवा. साध्या सीटीवर युरिक ॲसिडचा खडासुद्धा दिसतो, म्हणजे तिथे खडा नाही म्हटलं की तो विषय बंद. पण पॉलिप साध्या सीटीत चुकू शकतो, तो कळतो युरोग्राफीत, शिरेतून दिलेला डाय किडनीतून खाली उतरताना घेतलेल्या फोटोत. माझ्या फोटोत डायच्या पांढऱ्या रेषेत मधेच एक लांबट गुळगुळीत काळी जागा होती, डाय तिच्या दोन्ही बाजूंनी खाली गेलेला. शुगरची गोळी चालू असेल तर डायच्या आधी सांगा, किडनी कशी चालते ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तर बघतातच.

इतकं करूनही फोटोवरून साधी गाठ का कॅन्सर हे शंभर टक्के कुणी सांगत नाही. लघवीच्या सायटॉलॉजीत (लघवीतल्या पेशींची तपासणी) काही सापडलं नाही, पण त्याने पूर्ण निश्चिंत होता येत नाही असं मला तेव्हाच बजावलं होतं. पहिल्या ठिकाणी, नाव घेत नाही, सरळ म्हणाले की रिस्क कशाला, किडनी आणि नळी दोन्ही काढून टाकू. मी तसाच उठलो आणि घरी आलो, रात्रभर झोप नाही. नंतर कळलं की एकेकाळी हेच चालायचं. 1980 नंतर मूत्रवाहिनीत वरपर्यंत जाणाऱ्या दुर्बिणी हळूहळू सगळीकडे आल्या, त्याच्या आधी आत डोकावायची नीट सोयच नव्हती, म्हणून नुसत्या संशयावर कित्येकांच्या चांगल्या किडन्या गेल्या. आता दुर्बीण आहे, बायोप्सी आहे, त्यामुळे आत न बघता कुणी किडनी काढायला निघालं तर दुसऱ्या युरोलॉजिस्टकडे जाऊन या, एवढं मी छातीठोक सांगतो. बाकी सगळं आपलं माझ्या अनुभवापुरतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. व्हिडिओ मला नंतर दाखवला. भिजवलेली शेवई असते ना, तशी पांढरट, गुळगुळीत, सलाईनच्या धारेबरोबर खालीवर डोलत होती. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा शेवाळासारखी झुपकेदार दिसते म्हणाले, ही तशी नव्हती. तरी त्यांनी तिळाएवढे दोन-तीन तुकडे घेतले, आत स्टेंट, म्हणजे बारीक मऊ नळी, ठेवला आणि रिपोर्टची वाट बघू म्हणाले. त्यांचंही चूक नाही, पण दिसायला साधीच आहे तर तेव्हाच काढून टाकली असती का, हा विचार मला अजून येतो. तुमची दुर्बीण अजून व्हायची असेल तर आधीच विचारून घ्या, साधी वाटली आणि देठ बारीक असला तर त्याच भुलेत काढाल का, आणि तशी संमती लिहून द्या. माझं ते राहिलं आणि त्यामुळे तो स्टेंट दोनदा नशिबी आला.

आता या स्टेंटबद्दल जरा सविस्तर, कारण माझा निर्णय त्यानेच झाला. नाव डीजे स्टेंट. दोन्ही टोकं इंग्रजी जे सारखी वळलेली म्हणून डबल जे, पण सोलापुरात डीजे म्हटल्यावर काय होणार, मित्र विचारायचे मिरवणूक कधी आहे. मला हसायला यायचं पण हसलं की खाली झोंबायचं. एक टोक किडनीत, एक मूत्राशयात, आणि ते खालचं टोक सारखं टोचत राहतं. पाच मिनिटांपूर्वी जाऊन आलो तरी परत जावंसं वाटायचं, आणि लघवी करताना शेवटी शेवटी डाव्या कुशीत वर किडनीपर्यंत कळ जायची, कारण स्टेंटमुळे लघवी उलटी वर चढते. त्रास कमी व्हायला टॅमसुलोसिनची गोळी दिली होती, तिने फरक पडला, नाही असं नाही. पण माझं रोजचं जाणंयेणं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टू-व्हीलरवर. जाताना खड्डे, स्पीडब्रेकर, आणि तिथे पोचून बाथरूमला गेलो की लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. पहिल्या दिवशी घाबरून डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले चालतं, पाणी प्या, गाडी बंद करा. गाडी बंद म्हणजे रिक्षा, रिक्षालापण तेच खड्डे. शेवटी तीन आठवडे घरीच बसलो.

रिपोर्ट साधा आला आणि समोर दोन रस्ते. लॅपरोस्कोपीत पोटाला चार भोकं, पॉलिप जिथून निघालाय तेवढा मूत्रवाहिनीचा तुकडा कापून दोन टोकं परत जोडायची. फायदा उघड आहे, मूळच निघून जातं, कडेला काही राहिलं का ही धाकधूक राहत नाही. चार-पाच दिवस ॲडमिट, बाजूला ड्रेनची नळी, आणि जोड पक्का होईपर्यंत स्टेंट पाच-सहा आठवडे. लेसरमध्ये बाहेरून काहीच कापायचं नाही, देठ तेवढा होल्मियम लेसरने तोडायचा, या लेसरची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर म्हणून आजूबाजूला फार भाजत नाही. एक-दोन दिवसांत घरी, आणि स्टेंट दोन-तीन आठवडे. तोट्याची बाजू अशी की मूळ थोडं राहू शकतं आणि त्या जागी पुढे नळी आखडू शकते, म्हणून नंतर तपासणीला जात राहावं लागतं.

कागदावर बघितलं तर लॅपरो जास्त पक्कं वाटतं हे मी मान्य करतो, आमच्या भावजींचंपण तेच मत होतं, एकदाच काय ते करून टाका. पण सहा आठवडे तो डीजे? मी डॉक्टरांना एवढंच विचारलं की स्टेंट किती दिवस, आणि दोन आकडे ऐकल्यावर बाकीचं ऐकायचं मला फारसं कारण उरलं नाही. लोक टाके, भूल, खर्च याला घाबरतात, मला त्या नळीची भीती होती.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या स्टेंटच्या बाजूने सांगायला पाहिजे. त्याने मूत्रवाहिनी थोडी सैल होते, त्यामुळे दुसऱ्या वेळेस दुर्बीण विनासायास वर गेली. देठ कापला, पॉलिप बास्केटमध्ये (तारेची बारीक जाळी) धरून अख्खा बाहेर काढला आणि परत पॅथॉलॉजीला पाठवला. हे आग्रहाने सांगा, जाळून संपवू नका, अख्खा काढून तपासा, कारण पहिले तुकडे तिळाएवढेच होते. दुसरा रिपोर्टपण तोच आला. चौथ्या दिवशी बसून काम सुरू केलं, स्टेंट वीस दिवसांनी ओपीडीत जेली लावून पाच मिनिटांत काढला, आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी एका जागी बसून नीट जेवलो, भाकरी आणि शेंगाचटणी.

प्रत्येकाला हेच जमेल असं नाही. पॉलिप रुंद बुडाचा असेल, एकाच जागी चार-पाच असतील, किंवा नळी तिथे आधीच आखडलेली असेल तर कापून जोडणंच बरं असं मलाही सांगितलं होतं. लहान मुलांमध्ये हा बऱ्याचदा किडनी जिथे मूत्रवाहिनीला मिळते तिथेच असतो. आमच्या पाहुण्यांतल्या नऊ वर्षांच्या पोराचा तसा होता, त्याचं लॅपरोने पायलोप्लास्टी (तो जोड कापून परत नीट जोडायचं ऑपरेशन) केलं आणि पोरगं आता मजेत क्रिकेट खेळतंय, तिथे लेसरचा हट्ट धरला असता तर चुकलंच असतं. आणि रिपोर्टात 'इन्व्हर्टेड पॅपिलोमा' असेल तर तो वेगळा प्रकार, साधाच, पण त्यावर जास्त लक्ष ठेवतात, त्याला माझा हिशोब लावू नका.

पैशाचं म्हणाल तर मला लॅपरोचं कोटेशन जवळपास दुप्पट होतं, पण माझी दुर्बीण दोनदा झाली त्यामुळे शेवटी फार काही वाचलं नाही. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. पुण्याला जायचं का इथेच, यावर घरात आठ दिवस भांडण झालं, मी इथेच केलं, कारण तो स्टेंट घालून अडीचशे किलोमीटर परत यायची माझी तयारी नव्हती.

तीन महिन्यांनी परत सीटी युरोग्राफी केली, डायची रेष सलग उतरली, किडनीची सूजपण गेली. आता सोनोग्राफीवर चाललंय. आणि लेसर करा नाहीतर लॅपरो, स्टेंट काढायची तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा, दुखायचं थांबलं की लोक विसरतात आणि आत राहिलेल्या स्टेंटवर खडे धरतात. माझी तारीख बायकोने कालनिर्णयवर लाल पेनने लिहिली होती, वर 'डीजे बंद' असं.