जळगावजवळच्या नवीन कॉलनीतली खाजगी पाणी सेवा : पाणी चांगलं, कनेक्शन फी मात्र पटत नाही

आमची कॉलनी महापालिका हद्दीच्या जरा बाहेर आहे, वाघूर धरणाचं पाणी शहरात येतं पण ती लाइन आमच्यापर्यंत अजून आलेली नाही. म्हणून डेव्हलपरने पाणी एका खाजगी एजन्सीकडे दिलंय, त्यांच्याच विहिरी, बोअर, उंच टाकी आणि घरोघरी मीटर. नाव लिहीत नाही, इथे प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्यांना कामाला येईल म्हणून अनुभव लिहितोय.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. पाणी रोज सकाळी ठरलेल्या टायमाला येतं, प्रेशर असं की पहिल्या मजल्यावरची टाकी मोटर न लावता भरते. मे महिन्यात 45 डिग्री ऊन असताना आजूबाजूच्या कॉलन्या टँकरच्या मागे पळत होत्या, आमच्याकडे एक दिवस सुद्धा खाडा नाही. प्लॅन्टवर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावलेला आहे त्यामुळे आपल्या भागातल्या बोअरचा जो त्रास असतो, गीझरला पांढरा थर, नळाच्या जाळीत खडे, आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी अख्खी राहते, तो नाही. वरणबट्टीचं वरण एकदम एकजीव होतं, घरच्यांचं म्हणणं हे एकच सर्टिफिकेट पुरे. शेजाऱ्यांकडच्या टीडीएस मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, साडेचारशेच्या आसपास आला, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) पिण्याच्या पाण्याची मर्यादा 500 आहे म्हणजे त्यात बसतं. वॉलमन दादा पण चांगला माणूस, लीकेज सांगितलं की त्याच दिवशी येतो.

महिन्याचं बिल पण मला जास्त वाटत नाही. 30 रुपये युनिट, एक युनिट म्हणजे 1000 लिटर. सरकारी हिशोबाने माणशी दिवसाला 135 लिटर धरलं तर पाच जणांच्या घराला महिन्याला 20 युनिट लागतात, म्हणजे 600 रुपये. उन्हाळ्यात 5000 लिटरचा टँकर हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे युनिटला 200. यात वाद नाही भो.

वाद आहे तो नवीन घराच्या फीचा. घर बांधायला काढलं की कनेक्शनचे 45,000 मागतात. सुरुवातीला ज्यांनी बांधलं त्यांनी 25,000 भरले, मधे कधी वाढले कोणाला नोटीस नाही. पावतीवर फक्त 'पाणी डेव्हलपमेंट' एवढंच लिहिलेलं, खाली एक रक्कम, बाकी काही नाही. आता आमच्या घराला काय काय बसलं ते मी समोर उभा राहून बघितलंय : मेन लाइनवर सॅडल (पाइप जोडायचा पट्टा), अर्धा इंची काळा पाइप, एक कॉक, एक मीटर, दोन माणसांची अर्ध्या दिवसाची खोदाई. बाजारभाव लावला तरी हे सगळं मिळून दहा हजाराच्या आत बसतं, मग उरलेले 35 कशाचे?

विचारलं तर सांगतात नवीन घर वाढलं की लोड वाढतो, टाकी, पंप, विहीर वाढवावी लागते, त्याचा वाटा. हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे, नवीन घरांसाठी लागणारा खर्च आधीपासून राहणाऱ्यांच्या बिलात घालणं बरोबर नाही. पण प्लॉट विकताना डेव्हलपरने रोड, लाइट, पाणी सगळं धरूनच फुटाचा रेट लावला होता, त्याच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं आहे. म्हणजे टाकीचे पैसे प्लॉटमधे दिले आणि तेच पैसे पुन्हा कनेक्शनमधे. प्लॉट 120 आहेत, सगळ्यांचे 45,000 धरले तर 54 लाख होतात, आणि टाकी तीच जी पहिल्या दिवसापासून उभी आहे. वर पुन्हा भाऊ-भाऊ राहायचे म्हणून वरचा मजला चढवला तर 20,000 वेगळे, पाइप तोच अर्धा इंची, मीटर तोच. आमच्या गल्लीतले आप्पा म्हणाले ते बरोबर आहे, "पानी बेस शे, पन पैसा गंज लेतस." (पाणी चांगलं आहे, पण पैसे फार घेतात.)

इंग्लंडमधे पाणी 1989 पासून खाजगी कंपन्यांकडे आहे, तिथेही नवीन घर जोडलं की इन्फ्रास्ट्रक्चर चार्ज घेतात, पण दरपत्रक कंपनीला जाहीर करावं लागतं आणि वर ऑफवॉट नावाचा नियामक बसलेला आहे. आपल्याकडे 2005 च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, पण ते धरणाच्या घाऊक पाण्याचे दर ठरवतं, आमच्या नळाच्या दराशी त्याचा संबंध येत नाही. उरतो रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा. 2016 च्या त्या कायद्यात कलम 11 मधे स्पष्ट आहे की रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवायची जबाबदारी डेव्हलपरची, आणि ती सुद्धा वाजवी दरात. आणि हे फक्त फ्लॅटला नाही, प्लॉटच्या प्रोजेक्टलाही लागू आहे. एजन्सी मधे आणली म्हणून डेव्हलपर मोकळा होत नाही, हे ज्यांना सांगतोय ते चकित होतात.

आणखी एक, बांधकाम चालू असताना स्लॅबला मारायच्या पाण्याला दुप्पट रेट लावतात. तो निदान आधी सांगतात म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

पाण्याला आणि स्टाफला 4 स्टार, फीला 1. आम्ही काही घरांनी मिळून लेखी पत्र दिलंय की 45,000 मधे साहित्य किती, मजुरी किती, टाकीचा वाटा किती ते वेगवेगळं द्या, आणि प्लॉटच्या किमतीत घेतलेला वाटा वजा करा. उत्तर अजून आलेलं नाही, आलं की इथेच लिहितो. तोपर्यंत ज्यांना कनेक्शन घ्यायचंय त्यांनी रोख देऊ नका, चेकनेच द्या, अर्जाची पोच घ्या आणि डेव्हलपरचं माहितीपत्रक फेकू नका.