जाणारा मेल: थेट पाठवावा की रिलेमार्फत?

स्वतःचा मेल सर्व्हर उभा करताना पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) बसला, डोव्हकॉट (पेटीतले मेल वाचायला देणारा) चालतोय, येणारे मेल येतायत. अडतंय ते जाणाऱ्या मेलपाशी. इथवर आलेल्याला दोन वाटा: आपल्या आयपीवरून समोरच्या सर्व्हरला थेट द्यायचा, नाहीतर पोस्टफिक्सच्या रिलेहोस्ट या सेटिंगमध्ये एखाद्या रिले सेवेचं, म्हणजे आपला मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या सेवेचं, नाव टाकून मोकळं व्हायचं. मी दोन्ही केलंय, आधी सव्वा वर्ष रिले आणि गेली तीन वर्षं थेट. डोमेन दोन, एक घरचं आणि एक आमच्या वाचनालयाचं. सभासद पावणेदोनशे, महिन्याला हजारभर मेल जात असतील. तुमचा आकडा याच्या शंभरपट असेल तर माझं म्हणणं फार मनावर घेऊ नका.

काहींना निवड नसतेच. सर्व्हर घरच्या ब्रॉडबँडवर असेल तर रिलेच घ्या. बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) बहुधा बंद असतो, पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतो आणि घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) असतात. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर, ईसीटूवरही २५ मुळात बंद, अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. दुसरीकडे व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेत असाल तर पैसे भरायच्या आधी विचारा: २५ मिळेल का, पीटीआर बदलता येईल का?

रिले जोडायला अर्धा तास पुरतो म्हणतात. माझी एक संध्याकाळ गेली. रिलेहोस्टमध्ये नाव चौकटी कंसात लिहिलं की पोस्टफिक्स एमएक्स (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी नोंद) शोधत बसत नाही; पण पासवर्डच्या फाइलीतही तेच नाव हुबेहूब हवं, कंस आणि ५८७ या पोर्ट नंबरासकट. मी तिथे कंस गाळले होते. ते निस्तरलं तर लॉगमध्ये 'नो वर्दी मेक्स फाउंड'. डेबियनवर हे दिसलं की समजायचं, लिबसॅसल२-मॉड्यूल्स हे पॅकेज टाकायचं राहिलंय. ते टाकलं आणि रांगेतले मेल भराभर निघाले. त्यानंतर आयपीच्या अब्रूची काळजी रिलेवाल्याची, आपण निवांत. हे सुख खरं आहे, नाकारत नाही.

पहिली कुरबुर फॉरवर्डिंगची. कार्यवाहांच्या पत्त्यावर आलेले मेल त्यांच्या खासगी पेटीत ढकलायचे होते. बाहेरच्या माणसाचं नाव 'प्रेषक' म्हणून असलेला मेल रिले घेईना, कारण पाठवणारं डोमेन आधी पडताळलेलं हवं. नियम योग्यच, पण अशी सेवा घेतली की फॉरवर्डिंग संपलं. थेट पाठवताना मूळ डोमेनचा एसपीएफ (त्या डोमेनचा मेल कोणत्या आयपींवरून यावा याची नोंद) तुटतो, पण मजकुराला हात लावला नाही तर डीकिम (मेलवरची डिजिटल सही) टिकतो, आणि एसपीएफसाठी एसआरएस (पाकिटावरचा प्रेषक-पत्ता आपल्या डोमेनचा करणं) लावता येतं.

तरी एवढ्यावर मी रिले सोडला नसता. सोडला तो वार्षिक सभेच्या सूचनेमुळे. एका ज्येष्ठ सभासदांचा फोन, "सूचना आलीच नाही हो." मी लॉग उघडला. स्टेटस=सेंट, २५० (मेल स्वीकारला), ओके. तसं त्यांना ऐकवलंही, जरा तोऱ्यातच. दोन दिवसांनी पुन्हा फोन. स्पॅममध्ये बघा, मुलाला बघायला सांगा, सगळं झालं. शेवटी रिलेच्या पॅनेलमध्ये चार पानं आत एक यादी सापडली, सप्रेशन लिस्ट, म्हणजे ज्यांना मेल पाठवायचेच नाहीत अशा पत्त्यांची. त्यांच्या मुलाने त्यांच्या पत्त्याच्या डोमेनचं नूतनीकरण दोन दिवस उशिरा केलं होतं आणि नेमका त्याच वेळी आमचा एक मेल परत आला होता. तेव्हापासून त्यांचा पत्ता त्या यादीत. पुढचा प्रत्येक मेल रिले हसतमुखाने २५० म्हणून घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. पाच महिने. माझा लॉग ताकास तूर लागू देत नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने मेल पोचला होता, रिलेपर्यंत.

सगळ्याच सेवा असं करत नसतील. काही ठिकाणी वेबहुक (काही घडलं की आपल्या प्रोग्रॅमला कळवणारी सोय) लावून परत आलेल्याची खबर घेता येते. पण त्यासाठी आणखी एक प्रोग्रॅम सांभाळायचा, तर मग रिले कशासाठी घेतला होता?

थेट वाटेवर काटे जास्त आहेत, लपवत नाही. पहिल्याच आठवड्यात गूगलने मेल परत केले. आयपीव्ही४ चा पीटीआर मी लावला होता, पण सर्व्हर आयपीव्ही६ वरून बोलत होता आणि त्याला पीटीआर नव्हता. पत्त्याची पसंती आयपीव्ही४ वर आणली, मिटलं. एका मोठ्या मेल-सेवेने मात्र आमच्या आयपीचा अख्खा पट्टाच अडवलेला होता, कुणा पूर्वीच्या भाडेकरूची पुण्याई. फॉर्म तीनदा भरला, तीनदा तेच छापील उत्तर. आणि मेल अडला तर पोस्टफिक्स पाच दिवस गुपचूप प्रयत्न करत राहतो. उशिराची सूचना मुळात बंद असते. डिले वॉर्निंग टाइम चार तासांवर आणा, हे आजच करा.

पण प्रत्येक नकाराचं कारण माझ्याच लॉगमध्ये, समोरच्या सर्व्हरच्या शब्दांत येतं. परवाच एका पत्त्यापुढे ४५२ ४.२.२ दिसलं. लगेच फोन केला, "काका, तुमची मेलपेटी भरलीय." त्यांनी लग्नाचे फोटो उडवले आणि रांगेतला मेल त्याच दुपारी पोचला. निदान मला तरी या एका सोयीपुढे ते फॉर्म सोसवतात.

सर्व्हर कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या बंदिस्त डब्यात) चालवत असाल तर मायनेटवर्क्स (कोणत्या आयपींचा मेल न विचारता पुढे पाठवायचा ती यादी) तपासा. डॉकरच्या काही मांडण्यांत बाहेरचा माणूसही डॉकरच्या अंतर्गत नेटवर्क-पुलाच्या आयपीवरून आल्यासारखा दिसतो आणि तुमचा सर्व्हर गावजेवण होतो, कुणीही त्यातून मेल पाठवतो. रिले असेल तर खातं बंद पडतं, थेट असाल तर आयपी जळतो.

पट्टा अडवणाऱ्या त्या सेवेपुरता मी रिले ठेवलाय. ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणत्या डोमेनचा मेल कुठून न्यायचा त्या फाइलीत) तिच्या डोमेनपुढे रिलेचं नाव, बाकी जग थेट. डीकिमची सही आपल्याच सर्व्हरवर होते, त्यामुळे मेल कुठूनही गेला तरी सही तीच. एसपीएफमध्ये आपला आयपी आणि रिलेचा इन्क्लूड (रिलेच्या आयपींचा उल्लेख) दोन्ही हवेत. एसपीएफ तपासताना लागणाऱ्या डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या यंत्रणेच्या) १० चौकशांची मर्यादा तेवढी ओलांडू नका.

ट्रान्सपोर्ट मॅपमधली ती ओळ काढून बघायची मला दर दिवाळीला हुक्की येते. गेल्या दिवाळीत काढली होती. भाऊबीजेला परत घातली.