लांब नळीचा रेग्युलेटर, आठ महिन्यांनंतर: नळीला शाबासकी, गेजच्या फिरकीला शिव्या

मार्चमध्ये एका विहिरीत पडलेली मोटार काढायला उतरणार होतो. त्याआधी सवयीप्रमाणे सेट (सिलिंडरमधली हवा पाण्याखाली तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर, त्याच्या नळ्या आणि हवा किती उरली ते दाखवणारा गेज) गुरांच्या टाक्यात बुडवून पाहिला, तर गेजच्या मानेतून, म्हणजे गेज नळीवर जिथे फिरतो त्या फिरकीतून, मोहरीएवढे बुडबुडे. एकामागे एक, अगदी शिस्तीत. त्या दिवसापासून दीड महिना माझं डोकं त्या बुडबुड्यांतच अडकलं, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो.

सेट नेहमीचाच आहे. तोंडात धरून श्वास घ्यायच्या भागाला, म्हणजे सेकंड स्टेजला, सात फुटी नळी, दुसरा सेकंड स्टेज हनुवटीखाली रबराने अडकवलेला (आमच्याकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी), डावीकडे पितळी गेज. ऑगस्टमध्ये सेकंडहँड घेतला, ३२ हजारांत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण कंपनीशी नाहीच.

आम्ही तिघं. मी, चुलत भाऊ आणि काठावर दोर धरणारे ढिवर काका. डायव्हिंगचा कोर्स कोकणात तारकर्लीला केला, काम मात्र गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या विहिरी, बोड्या (शेतातली छोटी तळी) आणि तलावांत. गुहेत आम्ही जात नाही, ते प्रशिक्षण आमच्याकडे नाही. पण हातभर अंतरावरचं दिसत नाही अशा पाण्यात, जुन्या वायरी आणि फाटक्या जाळ्यांत काम करायचं तर पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्या गुहावाल्यांच्या सवयी उचलण्यावाचून गत्यंतर नाही.

आता भांडण. सेट सर्व्हिसला पाठवला. एकोणीस दिवसांनी फोन आला, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. नळी आणि गेज मिळून ७,४००." मी म्हटलं, त्या मानेत नखाएवढी पितळी दांडी असते, तिला दोन ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात, तेवढ्या बदला. उत्तर आलं, रिंग सुटी येत नाही. तीन फोन, दोन मेल, तेच उत्तर. शेवटी सेट जसा गेला तसा परत मागवला, कुरिअर माझ्याच पैशाने.

मग गळती मोजली. कटिंगचा काचेचा ग्लास पाण्यात उलटा धरला, १०० मिलीचा ग्लास भरायला दोन मिनिटं लागली. म्हणजे चाळीस मिनिटांत दोन लिटर. माझा सिलिंडर १२ लिटरचा, २०० बार दाबाला २,४०० लिटर हवा. एकदा भरायला ११० किलोमीटर जाऊन ५०० रुपये मोजतो, त्या हिशोबाने गळती चाळीस पैशांची. आई ऐकत होती. म्हणाली, एवढा हिशोब डेअरीवाल्याकडे ठेवला असता तर म्हैस दुसरी आली असती.

आणि जीवाला धोकाही फारसा नव्हता, हे तेव्हाही ठाऊक होतं. गेजची नळी समजा फाटलीच, तरी फर्स्ट स्टेजमधून (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) तिकडे जाणारं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं. श्वासाची नळी फाटली तर सिलिंडर त्याच्या कितीतरी आधी रिकामा होईल. तरीही मनातून जाईना. ७,४०० चा राग होता तो.

खरी गंमत पुढे आहे. ज्या गेजसाठी एवढा जीव काढला, तो आमच्या पाण्यात वाचताच येत नाही! टॉर्च लावून काच मास्कला चिकटवली तरी मधे दुधाच्या चहाएवढं गढूळ पाणी उरतंच. म्हणून आमची हवा काठावर मोजली जाते. फ्लोरिडातल्या शेक एक्सली या गुहा-डायव्हरने १९७९ मध्ये गुहांतल्या मृत्यूंची कारणं मांडली, त्यात बाहेरपर्यंत सलग दोर नसणं आणि परतीसाठी दोन तृतीयांश हवा न राखणं ही ठळक होती. एक हिस्सा जायला, एक परतायला, एक जोडीदारासाठी. आम्ही ते मिनिटांत बसवलंय. मोटारीला दोर बांधताना मी मिनिटाला २५ लिटर ओढतो, दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून ५०. भावाचा सिलिंडर १० लिटरचा, त्याचा एक हिस्सा ६६६ लिटर, म्हणजे तेरा मिनिटं. माझा सोळा मिनिटं पुरला असता, पण लहान सिलिंडरवाल्याचं घड्याळ दोघांना लागू. तेराव्या मिनिटाला काका दोर ओढतात. "एक मिनिट अजून" हे दोराने सांगायची खूण आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही.

गेज उपयोगी पडतो तो काठावर. सेकंड स्टेज तोंडात धरून चार श्वास घ्यायचे आणि काट्याकडे बघायचं. श्वासाबरोबर काटा नाचला तर सिलिंडरचा नॉब पुरता उघडलेला नाही. भावाचा एकदा असाच अर्धा उघडा सापडला.

लांब नळीबद्दल मात्र मत बदललं. पहिले तीन महिने मी तिला सापच म्हणत होतो. ऑक्टोबरात धान निसवताना एका मालगुजारी तलावाचा तुडुम (पाणी सोडायचं तोंड) अडकला होता, तिथे कमळाच्या देठांत दोनदा गुंतली. (तुडुमाचं काम कोणी घेत असेल तर ऐका. एक फुटाचं भोक आणि वर चार मीटर पाणी असेल, तर पलीकडे मोकळं असताना त्या तोंडावर २९० किलोच्या आसपास दाब बसतो. हात चिकटला की काका आणि दोर काही करू शकत नाहीत. पाणी वाहत असताना आम्ही जवळही जात नाही, मग शेतकरी कितीही ओरडोत.) तेव्हा नळी विकून आखूड घ्यायची ठरवली होती.

जानेवारीत बंद पडलेल्या गिट्टी खदानीत नऊ मीटरवर भावाच्या रेग्युलेटरमध्ये गाळ गेला आणि हवा भसाभसा सुटली. दिसत काहीच नव्हतं. त्याने हात पुढे केला, माझ्या तोंडातलाच सेकंड स्टेज ओढून घेतला. मी हनुवटीखालचा तोंडात घातला. त्यासाठी कुठे शोधावं लागलं नाही. सात फुटांमुळे आमची तोंडं एकमेकांवर आपटली नाहीत, भिंतीतल्या सळ्यांमधून तो पुढे आणि मी मागे असे वर आलो. अरुंद वाटेत दोघं शेजारी मावत नाहीत म्हणूनच गुहावाले नळी एवढी ठेवतात, हे तोवर फक्त वाचलेलं होतं. वर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "बाबू, दोर काहून असा नाचून रायला होता जी?"

फिरकीचा निकाल गोंदियात लागला. राइस मिलांना हायड्रॉलिक सील पुरवणाऱ्या दुकानात जुनी रिंग टेकवली. "कौनसी मिल?" दुकानदार म्हणाला. मोजून त्याच मापाच्या नव्वद ड्युरोच्या, म्हणजे कडक, नायट्राइल रबराच्या रिंगा काढल्या, दहा नग साठ रुपये. जुनी भिंगाखाली धरली तर एका बाजूने चपटी, आणि त्या चपट्या भागात गाळाचा एक चमकता कण. घरी सिलिंडर बंद केला, हवा सोडली, दोन पान्यांनी मान उघडली, दांडीवर ओरखडा नको म्हणून जुनी रिंग प्लास्टिकच्या काडीने काढली, सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून नव्या बसवल्या. टाक्यात बुडवलं. एक बुडबुडा नाही.

गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा फिरकीसाठी कापला, एक त्या सर्व्हिसवाल्यांसाठी, जरी सेटचा त्यात दोष नाही. हवा सोडल्यावर काटा शून्यावर न येता दहावर थांबतो, तेवढे वजा करून हिशोब करतो. गेज बदलायला हवा हे मला कळतं. उरलेल्या आठ रिंगा काकांच्या रिकाम्या चुन्याच्या डबीत आहेत, आणि त्यांनी डबीवर खिळ्याने "७,४००" असं कोरून ठेवलंय.