टपालाची पानं कुठे गेली? सुपरहिरो टीम्स नऊ महिने रोज वाचल्यावरचा अनुभव

तीन महिने वापरून झाल्यावर मी या कॉमिक्स ॲपला पाचपैकी साडेचार तारे दिले होते. ते आज मागे घेते आहे. आता नऊ महिने झालेत, वर्षाची वर्गणी एकरकमी भरल्यामुळे अजून तीन महिने गळ्यात आहेत, आणि गेल्या आठवड्यात कस्टमर केअरशी झालेलं बोलणं असं:

"मॅडम, अंक पूर्ण आहे. सगळी पानं उघडतायत."

"शेवटची पानं नाहीत. वाचकांच्या पत्रांची."

"त्या जाहिराती असतील, मॅडम. त्या आम्ही काढतो."

"जाहिराती नाहीत हो, पत्रं."

"पण गोष्ट पूर्ण आहे ना, मॅडम?"

झालं. तक्रारीवर 'निवारण झाले' असा हिरवा शिक्का मारून मोकळे.

ॲपमधल्या बाकीच्या सोयी तुम्हाला माहीतच असतील, त्यात शिरत नाही. मी ते घेतलं एका वादापायी. सुपरहिरोंच्या टीमला सेलिब्रिटी म्हणून दाखवावं की नाही, यावरून माझं आणि एका मैत्रिणीचं कित्येक वर्षं वाजतंय. तिचं म्हणणं, हिरो म्हणजे मुखवटा, लपूनछपून केलेलं काम. सह्या द्यायला बसला की संपला. माझं म्हणणं, न्यूयॉर्कच्या आभाळात खरंच कुणी उडायला लागलं तर तासाभरात त्याचे फोटो निघतील आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चित्राचे टी-शर्ट विकायला येतील. मग कॉमिक्सनेच सोवळेपणा का करावा? तर ठरवलं, फक्त टीमची कॉमिक्स वाचायची, आणि वर्गणी वसूल होईस्तोवर वाचायची. रोज चार अंक. वहीत खुणा करत होते. हसायचं तर हसा.

सुरुवात अर्थातच 'फँटास्टिक फोर'पासून. १९६१ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ही चौकडी आणली तेव्हा त्यांना मुखवटेच नव्हते. नाव, चेहरा, आणि पुढे बॅक्स्टर बिल्डिंग या त्यांच्या मुक्कामाचा पत्ता, सगळं जगजाहीर. नवव्या अंकात तर टीमचा म्होरक्या रीडने शेअर बाजारात पैसे घालवलेले असतात, टीम कंगाल होते आणि चौघं सिनेमात काम करायला हॉलिवूड गाठतात. प्रसिद्ध असणं आणि खिशात पैसा असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे इतक्या लवकर कॉमिक्सने सांगितलं होतं. स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मालिकेचा पहिला अंक १९६३ चा. त्यात तो या टीममध्ये शिरायला येतो तो चांगला पगार मिळेल म्हणून, आणि कळतं की इथे पगारच नाही. त्याच अंकात त्याच्या हातात 'स्पायडरमॅन' या नावाचा चेक असतो आणि बँकेतला कारकून विचारतो, ओळखपत्र? पै-पै मोजणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला विनोद मिळणार नाही. साडेचार तारे दिले ते या दिवसांत.

चौथ्या महिन्यापासून मन आंबायला लागलं. १९९२ चं 'यंगब्लड' घ्या. टीमला सेलिब्रिटी करायचं ही मूळ कल्पनाच होती, आणि कागदावर काय आहे तर दात आवळून उभी राहिलेली माणसं. 'अल्टिमेट्स'मध्ये टीममधले लोक आपल्यावर सिनेमा निघाला तर आपली कामं कोण करील यावर गप्पा मारतात. त्यांचा वरिष्ठ निक फ्युरी म्हणतो सॅम्युअल जॅक्सन, आणि पुढे सिनेमात खरोखर तोच नट आला. त्या पानावर मी मोठ्याने हसले, नाही म्हणत नाही. पण अशा विनोदांचा मारा झाला की तोंड गोड होऊन मळमळतं. मग 'द बॉईज'. हे ॲपवर नाही, इकडून तिकडून मिळवलं. तिथे हिरोंची मालक कंपनी त्यांची प्रतिमा चकचकीत ठेवायला त्यांचीच कॉमिक्स काढते. कल्पना जबरदस्त, पण चार अंकांत कळते. पुढचे अंक तीच गोष्ट आणखी मोठ्या आवाजात सांगतात.

आणि 'सिव्हिल वॉर', २००६. न्यू वॉरियर्स ही पोरांची टीम टीव्हीवरच्या रिॲलिटी शोसाठी कॅमेरे घेऊन खलनायक पकडायला स्टॅमफर्डला जाते, नायट्रो हा खलनायक स्फोट घडवतो, ६१२ माणसं मरतात. त्यातली कितीतरी शाळेतली मुलं. वाचून झाल्यावर मी मैत्रिणीला कळवलं, बाई, तू जिंकलीस. प्रसिद्धीचा हव्यास दाखवायचा आणि लगेच त्याची शिक्षा द्यायची, एवढंच जर लेखकांना येत असेल तर मुखवटेच बरे. वहीत त्या दिवशी चारऐवजी एकच खूण आहे.

मत पुन्हा फिरलं ते 'एक्स-स्टॅटिक्स'मुळे, आणि फिरलं म्हणजे पुरतंच. लेखक पीटर मिलिगन आणि चित्रकार माइक ऑलरेड यांनी २००१ मध्ये 'एक्स-फोर्स'चा ११६ वा अंक हातात घेतला; याच मालिकेचं नाव पुढे 'एक्स-स्टॅटिक्स' झालं. जुनी टीम बाजूला, नवी म्यूटंट सेलिब्रिटींची टीम पुढे, आणि पहिल्याच अंकात एका बॉय बँडला सोडवायला गेलेली ही सगळी वरात जवळजवळ पूर्ण कापली जाते. उरतात दोघं आणि डूप नावाचा एक हिरवा, तरंगणारा, गोळ्यासारखा प्राणी. त्याचं काम? कॅमेरा धरणं. लढाई चालू असताना तो शूटिंग करत असतो! पुढच्या अंकात रिकाम्या जागा भरायची घाई. पुढे दुसरा काळा सभासद येणार म्हटल्यावर वाचलेल्या दोघांपैकी अनार्किस्टच्या पोटात गोळा येतो, कारण या धंद्यात आपल्यासारख्यासाठी एकच खुर्ची असते हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि नव्याने आलेला गाय स्मिथ, ज्याच्या कातडीला वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसत नाही, तो रात्री रिव्हॉल्व्हरमध्ये एकच गोळी घालून घोडा ओढून बघतो. इथे प्रसिद्धी ही नोकरी आहे, आणि नोकरीत असते तशी भीती आहे. २००३ मध्ये या मालिकेत ब्रिटनच्या दिवंगत राजकन्या डायनाला जिवंत करायचं घाटत होतं, बाहेर आरडाओरडा झाला आणि तिच्या जागी हेन्रिएटा हंटर नावाचं पात्र आलं. सेलिब्रिटींची टर उडवणाऱ्या कॉमिकला खऱ्या सेलिब्रिटीचा चटका बसला. लेखकाने रचला असता तर मी म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

आता टपाल.

सातव्या महिन्यात त्याच मैत्रिणीने तिच्याकडचा 'फँटास्टिक फोर'चा जाडजूड एकत्रित खंड वाचायला दिला. मी तो नुसता चाळणार होते, सगळं ॲपवर वाचून झालेलं. तर प्रत्येक अंकाच्या शेवटी बारीक टायपातली पत्रं! तिसऱ्या अंकापासून सुरू झालेली. विसाव्या अंकातलं एक पत्र जॉर्ज आर. आर. मार्टिन (पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' लिहिणारा तोच) नावाच्या शाळकरी मुलाचं आहे, सतराव्या अंकाचं तोंड भरून कौतुक करणारं. दहाव्या अंकाच्या पत्रांत स्टॅन ली वाचकांना सांगतो की ते 'प्रिय संपादक' आता पुरे, आम्हाला नावाने लिहा. आणि त्याच अंकाच्या गोष्टीत ली आणि कर्बी स्वतः पात्रं म्हणून ऑफिसात बसलेले असतात, आणि टीमचा हाडवैरी डॉक्टर डूम आत शिरतो. ॲपवर मला हा डूमचा प्रसंग म्हणजे लेखकांची हौस वाटला होता. पत्रांसकट वाचला तेव्हा कळलं की त्या महिन्यात ते दोघंही आपल्या टीमसारखेच लोकांसमोर येऊन उभे राहत होते.

मग अकरावा अंक, जो मी ॲपवर वहीत एक रेघ मारून पुढे ढकलला होता. रस्त्यावर पोरं फँटास्टिक फोर-फँटास्टिक फोर खेळतायत, माणसं या टीमच्याच नव्या कॉमिकसाठी रांगेत उभी आहेत. विली लम्पकिन हा पोस्टमन थैली घेऊन येतो आणि म्हणतो, मलापण टीममध्ये घ्या, मला कान हलवता येतात. थैलीतली पत्रं उघडतात आणि त्यात लोकांनी लिहिलेलं असतं की सू, म्हणजे टीममधली एकुलती एक बाई, काही कामाची नाही. सू दुखावते. रीड आणि टीममधलाच बेन तिची बाजू घेतात, त्यासाठी लिंकनच्या आईचा दाखला देतात. (लिंकनची आई! सूला स्वतःचं म्हणणं मांडायला दोन चौकटी जास्त दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?) पुढे २२ व्या अंकात तिला अदृश्य कवच उभारण्याची ताकद मिळते. ते पत्रांमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण पत्रं समोर असताना तो अंक वेगळाच वाचला जातो.

माझं सगळं गाडं इथे येऊन अडतं. ज्यांच्यापुढे ही टीम सेलिब्रिटी आहे ती माणसं पानावर असतील, त्यांची कुरकुर आणि त्यांचे कान हलवणं सकट, तर दाखवा की खुशाल सेलिब्रिटी. ती नसतील तर उरतो चकचकीत पोशाख आणि वर लेखकाचा टोमणा. 'यंगब्लड'मध्ये मला रांगेतला एक माणूस आठवत नाही. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुला हिरो नकोच आहेत, पोस्टमन हवाय." असेल बुवा.

आणि ॲपने काढून काय टाकलं, तर नेमकी तीच पानं. एक फाइल जास्त ठेवायला किती जागा लागते? कस्टमर केअरला मी चौथ्यांदा लिहिलं, या वेळी अकराव्या अंकाची अख्खी गोष्ट सांगून. उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली बारीक अक्षरांत: या ईमेलला उत्तर पाठवू नये.

साडेचारचे तीन तारे. अडीच करणार होते, पण 'एक्स-स्टॅटिक्स' पूर्ण आहे. 'एक्स-फोर्स'चे ११६ ते १२९ आणि नावाबदलानंतरचे २६, मिळून ४० अंक, रोज चार धरले तर दहा दिवस. वर्गणी संपायच्या आत दोनदा तरी होईल. नूतनीकरण बंद केलंय, आणि तो खंड मैत्रीण परत मागत नाही तोवर मी विषय काढणार नाहीये.