ताईच्या गुडघ्याचं ट्यूमरचं ऑपरेशन, कर्वे रोडजवळच्या हॉस्पिटलचा अनुभव

ताई ३१ वर्षांची, गुडघा सहा महिने दुखत होता, आधी एकाने नुसत्या गोळ्या दिल्या, इथे एक्सरे, एमआरआय, बायोप्सी करून जायंट सेल ट्यूमर निघाला. ट्यूमर ऐकून आईचे हातपायच गळाले, पण सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की हा सहसा कॅन्सर नसतो पण हाड पोखरतो आणि परत येऊ शकतो, म्हणून गाठ नुसती खरवडून भागत नाही, आतली भिंत मशीनने घासून मग पोकळीत बोन सिमेंट भरतात. सांधा वाचला हो!! डिस्चार्जला मात्र बिलासाठी चार तास बसवलं, हे सुधारा. पहिली दोन-तीन वर्षं गाठ परत येण्याचा धोका जास्त म्हणून ठरलेल्या तारखांना एक्सरे, छातीचाही, कारण क्वचित फुफ्फुसात जातो. फिजिओच्या मॅडम फार जीव लावून करून घेतात, ताई आता वॉकरशिवाय चालतेय.